अननोन कमांड 'णे'

आधीच सांगते, रेडिसचा (डेटा मेमरीत ठेवणारा एक डेटाबेस) क्लायंट, म्हणजे त्याच्याशी बोलणारा कोड, स्वतः लिहायची हौस वगैरे मला अजिबात नव्हती. आमच्या ऑफिसात एक वर्कर प्रोसेस आहे, रात्रभर रेडिसच्या लिस्टमधून एकेक काम उचलते, मेसेज पाठवते, काउंटर एकने वाढवते, पुढचं काम. एका सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर कळलं की ती शनिवारी रात्री पावणेदोनपासून गप्प बसलीय. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये शेवटची ओळ "काउंटर वाढवतेय" आणि त्यापुढे काही म्हणजे काही नाही. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य. स्टॅक, म्हणजे प्रोग्राम नेमका कुठल्या ओळीवर अडकलाय ते, काढून बघितला तर बाई सॉकेटच्या (नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) रिसीव्हवर बसलेल्या. मधल्या कुठल्यातरी फायरवॉलने कनेक्शन टाकून दिलं होतं, ते ना आम्हाला सांगितलं ना सर्व्हरला, आणि आमचा प्रोग्राम तिकडून उत्तर येईल म्हणून तीस-एकतीस तास वाट बघत होता.

उपाय सगळ्यांनाच माहीत होता. पायथनची रेडिस-पाय नावाची लायब्ररी आहे (इन्स्टॉल करताना नुसतं रेडिस लिहायचं), तिच्यात सॉकेट टाइमआउट नावाचं एक सेटिंग असतं आणि आमच्याकडच्या आवृत्तीत ते डिफॉल्टला काहीच नाही, म्हणजे अनंतकाळ थांबा. तिथे ५ लिहायचं, संपलं. मी तेच करणार होते, पण कॉलवर आमच्यातला एकजण म्हणाला, "अगं पण टाइमआउट झाल्यावर तेच कनेक्शन परत वापरायचं की फेकून द्यायचं?" मी म्हटलं, लायब्ररी बघेल ना. तो म्हणाला, "काय बघेल?"

आता आठ वर्षं मी हे रेडिस वापरतेय. कॅश त्यात, सेशन त्यात, रांगा त्यात, रेट लिमिट त्यात. आणि क्लायंट लायब्ररी माझ्यासाठी चार ओळींची गोष्ट होती, होस्ट द्या, पोर्ट द्या, सेट करा, गेट करा. आत काय चालतं ते मला सांगता येईना. तो प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला आणि शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले की चला, एक लिहूनच बघू, दोन तासांचं तर काम आहे. तीन वीकेंड गेले.

पहिले दोन तास मात्र खरंच मजेत गेले. रेडिस हे सिसिलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पोने २००९ साली बाहेर काढलं, नेटवर तो अँटिरेझ म्हणून ओळखला जातो, आणि त्याचा साधेपणाचा हट्ट प्रोटोकॉलमध्ये लगेच दिसतो. पोर्ट ६३७९ का, तर जुन्या फोनच्या बटणांवर एम-ई-आर-झेड दाबलं की तो आकडा येतो, इटलीतल्या एका टीव्हीवरच्या बाईंच्या आडनावावरून त्याच्या मित्रमंडळात चालणारा एक विनोद होता म्हणे. असो. टर्मिनलमध्ये नेटकॅटने (पोर्टला जोडून हाताने मजकूर पाठवायचं एक साधन) ६३७९ ला जोडायचं, पिंग टाइप करून एंटर मारायचा, समोरून अधिक चिन्ह आणि पाँग येतं. हे बघून मला उगाच फार आनंद झाला, म्हणजे एवढ्या मोठ्या गोष्टीशी आपण हाताने बोलू शकतो!

प्रोटोकॉलचं नाव रेस्प. उत्तराचं पहिलं अक्षर बघायचं, त्यावरून कळतं काय येतंय. अधिक म्हणजे साधी ओळ, वजा म्हणजे एरर, कोलन म्हणजे आकडा, डॉलर म्हणजे आधी लांबी सांगून मग दिलेला मजकूर, चांदणी म्हणजे यादी. ओळ संपली की कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड. आपण पाठवतो ती कमांड म्हणजे मजकुरांची एक यादी. समजा सिटी या कीला पुणे ही व्हॅल्यू द्यायची, तर चांदणी ३, म्हणजे तीन तुकडे येतायत, मग डॉलर ३ आणि सेट, डॉलर ४ आणि सिटी, मग डॉलर अमुक आणि पुणे. (सेट, सिटी मी इथे देवनागरीत लिहितेय, वायरवर ती रोमन अक्षरंच असतात, एक अक्षर एक बाइट. हे पुढे लागणारे.)

मी पहिलं फंक्शन लिहिलं जे तुकडे घेऊन असा मजकूर बनवतं, दुसरं लिहिलं जे उत्तर वाचतं, फू आणि बार टाकून बघितलं, ओके आलं, गेट केलं, बार आलं. झालं की! आईला जेवताना सांगितलं पण की मी आज डेटाबेसशी डायरेक्ट बोलले, ती म्हणाली बरं, कोशिंबीर घे.

दुपारी म्हटलं खरा डेटा टाकून बघू. आमच्या ऑफिसच्या डेटात शहरांची नावं मराठीत असतात. सिटी, पुणे, सेट. ओके आलं. मग गेट सिटी. आणि एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामने फेकलेली एरर, आलं:

अननोन कमांड 'णे'.

मी स्क्रीनकडे बघतच राहिले. मी णे नावाची कमांड पाठवली नव्हती. मी गेट पाठवली होती. आधी वाटलं टर्मिनलचा फाँट गंडला असेल, परत चालवलं, परत तेच, णे. दुसऱ्या खिडकीत मॉनिटर चालू केला, ही रेडिसची कमांड आहे, सर्व्हरवर ज्या ज्या कमांड चालतात त्या समोर छापत जाते. त्यात सेट दिसली, गेट दिसली, णे कुठेच नाही. आता काय म्हणायचं याला. (नंतर कळलं की न ओळखलेली कमांड चालवलीच जात नाही त्यामुळे मॉनिटरपर्यंत पोचत नाही, पण त्या दुपारी मला भूत लागल्यासारखं झालं होतं.)

मग सेटची ओळ नीट बघितली. मॉनिटर अशी अक्षरं सरळ दाखवत नाही, एकेका बाइटचा कोड दाखवतो, आणि व्हॅल्यूच्या जागी चारच कोड होते. चार. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. पुणे हा शब्द डोळ्याला दोन अक्षरं दिसतो, पु आणि णे. पायथनला लांबी विचारली तर तो ४ सांगतो, प, उकार, ण, मात्रा. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत, देवनागरीचा असा प्रत्येक तुकडा ३ बाइटचा, म्हणजे वायरवर जातात १२ बाइट. मी लांबी स्ट्रिंगची मोजत होते आणि एन्कोड, म्हणजे तिचे बाइट, नंतर करत होते. म्हणजे सर्व्हरला सांगितलं डॉलर ४ आणि पाठवले १२.

बरं, सर्व्हरने काय करायचं? त्याने मुकाट ४ बाइट घेतले, म्हणजे अख्खा प आणि उकाराचा पहिला बाइट. मग पुढचे २ बाइट शेवटच्या कॅरेज रिटर्न-लाइनफीडचे असणार असं धरून ओलांडले, ते प्रत्यक्षात उकाराचे उरलेले दोन होते. सेट पूर्ण, ओके पाठवलं. राहिले किती? १२ वजा ६, सहा. ते सहा बाइट म्हणजे ण आणि मात्रा, बरोब्बर णे, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही, आणि त्यामागे माझी ओळ संपल्याची खूण. रेडिसला चांदणीने सुरू न होणारी ओळ दिसली की तो समजतो कोणीतरी नेटकॅटवरून हाताने टाइप करतंय, सकाळी मी पिंग केलं तसं. त्याने णे ही कमांड म्हणून शोधली, सापडली नाही, एरर पाठवली.

म्हणजे माझ्या एका सेटला दोन उत्तरं आली होती. मी एकच वाचलं. दुसरं सॉकेटमध्ये पडून राहिलं आणि पुढच्या गेटला मी ते उचललं. तिसरी कमांड दिली असती तर गेटचं उत्तर तिला गेलं असतं, चौथीला तिसरीचं, आणि असं ते कनेक्शन संपेपर्यंत, सगळं एक घर सरकलेलं. तेही कुठे ओरडत नाही! एरर होती म्हणून मला कळलं. ते ओके असतं आणि पुढची कमांडही ओकेवालीच असती तर मी खुशीत पुढे गेले असते.

दुरुस्ती एका ओळीची, आधी एन्कोड करा मग मोजा. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की या प्रोटोकॉलमध्ये प्रश्नाला नंबरच नसतो. मिसळीच्या गाड्यावर टोकन नसतं तसं, पहिल्याने सांगितलं पहिल्याला मिळणार, दुसऱ्याने सांगितलं दुसऱ्याला, मालक चेहरे बघत नाही, प्लेट खिडकीत ठेवतो. एखादा दोन प्लेट सांगून एकच घेऊन गेला की मागच्या अख्ख्या रांगेच्या हातात दुसऱ्याची मिसळ. काफ्का या मेसेज-सिस्टीमच्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक मागणीला एक आकडा असतो जो उत्तरात परत येतो, वेबच्या एचटीटीपी-२ मध्ये स्ट्रीमला नंबर असतो. इथे नाही. इथे फक्त क्रम. आणि तो क्रम सांभाळायची जबाबदारी पूर्णपणे क्लायंटची. लायब्ररी काय बघेल या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं खरं तर, पण ते मला तुकड्यातुकड्याने कळलं.

मधल्या बारीकसारीक चुका पटकन सांगून टाकते कारण त्या प्रत्येकजण करतो. उत्तर एका रिसीव्हमध्ये पूर्ण येईल असं धरलं होतं, घरच्या मशीनवर लहान व्हॅल्यूला येतंही, मोठा जेसन टाकला की अर्धाच आला. टीसीपी, म्हणजे ज्या नेटवर्क प्रोटोकॉलवरून हे सगळं येतं तो, नळ आहे, बाटल्या नाहीत, किती प्यायचं ते आपण मोजायचं. मग मी उत्तर कॅरेज रिटर्न-लाइनफीडवर तोडत होते, आणि एका व्हॅल्यूच्या आतच ती दोन अक्षरं निघाली. डॉलर शून्य म्हणजे रिकामा मजकूर आणि डॉलर वजा एक म्हणजे कीच नाही, मी दोन्हीला एकाच इफमध्ये कोंबलं होतं त्यामुळे रिकामं आडनाव असलेला माणूस अस्तित्वातच नाही असं येत होतं. हे सगळं त्याच रविवारी निस्तरलं.

दुसऱ्या वीकेंडला ट्रान्झॅक्शन घेतलं. मल्टी म्हणायचं, कमांड रांगेत लावायच्या, एक्झेक म्हणायचं की सगळ्यांची उत्तरं एका यादीत येतात. रेडिसमध्ये मधली एखादी फसली तरी बाकीच्या चालतात, रोलबॅक नाही. मी मुद्दाम तीन कमांड दिल्या, मधली चुकीची, एका साध्या स्ट्रिंगवर एलपुश, जी फक्त लिस्टवर चालते. यादीत पहिलं ओके, दुसरी एरर, तिसरा आकडा. माझा पार्सर, म्हणजे ते उत्तर वाचणारं फंक्शन, काय करायचा, वजा चिन्ह दिसलं की तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकायचा. चांगली सवय ना? एरर आली की ताबडतोब ओरडा. पण यादीतला तिसरा घटक वाचायचा राहिला! तो आकडा सॉकेटमध्ये, पुढच्या गेटला तो मिळाला, परत एक घर सरकलं. कपाळावर हात मारला. एरर आली तरी ती हातात धरून ठेवायची, यादी शेवटपर्यंत वाचायची, मग काय ओरडायचं ते ओरडा. नंतर रेडिस-पायचा कोड उघडून बघितला तर तिथे अगदी हेच, यादीच्या आतल्या एररचा ऑब्जेक्ट बनवून यादीतच ठेवतात, वरच्या पातळीवरची असेल तरच फेकतात. हा कोड मी आधीही एकदा वरवर चाळला होता आणि वाटलं होतं काय हे उगाच, एक्सेप्शन लिस्टमध्ये कशाला ठेवतात.

मग शेवटी टाइमआउट, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. माझ्या क्लायंटला १ सेकंदाचा टाइमआउट लावला. सर्व्हर हळू कसा करायचा, तर रेडिसमध्ये क्लायंट पॉज म्हणून कमांड आहे, किती मिलिसेकंद सगळ्यांना ताटकळत ठेवायचं ते सांगायचं. दुसऱ्या खिडकीतून ३००० दिलं. इकडे गेट सिटी, एका सेकंदाने टाइमआउट, मी एक्सेप्शन पकडलं, लॉग केलं, आणि शहाण्यासारखं पुढे गेले, गेट नेम. दोनेक सेकंदांनी उत्तर आलं, पुणे. माणसाचं नाव पुणे.

अर्थातच. मी कंटाळून वाट बघणं सोडलं म्हणून सर्व्हरने काम सोडलं नाही. त्याने पॉज संपल्यावर निवांत सिटीचं उत्तर पाठवलं आणि ते उचलायला नेमवाला उभा होता. तर कॉलवरच्या प्रश्नाचं उत्तर हे, टाइमआउट झालं की ते कनेक्शन फेकायचं. परत वापरायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, राहिलेलं उत्तर वाचून टाकू वगैरे हुशारी करायची नाही, कारण ते कधी येईल, येईल की नाही, तुम्हाला माहीत नाही. बंद करा, नवीन उघडा. रेडिस-पाय तेच करते.

मी मात्र थोडी हुशारी केलीच, डीबगसाठी म्हणून. प्रत्येक कमांडच्या मागे एको नावाची कमांड जोडली, तिला जो मजकूर द्याल तोच ती परत देते, तर मी चढता आकडा द्यायचे आणि उत्तरात तोच आकडा आला का बघायचे, म्हणजे घरचं टोकनच झालं. दुप्पट कमांड जातात म्हणून कोणी खऱ्या सिस्टीमवर हे करू नका, पण कुठे क्रम सरकतोय ते पकडायला इतकं छान की मी अजून ते काढलेलं नाही.

या एकोनेच पुढचं पकडलं. दोन थ्रेडनी (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) एकच सॉकेट वापरलं तर उत्तरं मिसळतात हे अपेक्षितच होतं, म्हणून मी पूल केला, पाच-सहा उघडी कनेक्शनं एका पिशवीत, लागलं की एक काढायचं, झालं की परत ठेवायचं. थ्रेड व्यवस्थित चालले. मग आमच्या ऑफिसच्या सेटअपसारखं करून बघितलं, म्हणजे ॲप आधी लोड करायचं आणि मग फोर्क करून, म्हणजे त्याच प्रोसेसच्या प्रती काढून, वर्कर बनवायचे. पहिल्या मिनिटाला एको बोंबलला. झालं असं की मी लोड होतानाच एक पिंग करून बघत होते, सर्व्हर आहे ना म्हणून, त्यामुळे पुलात एक उघडं कनेक्शन पडलेलं, आणि फोर्क केल्यावर तेच सॉकेट सगळ्या पोरांच्या वाट्याला. प्रत्येकाला वाटतं हे माझंच. वडिलोपार्जित जमिनीसारखं. एकजण विचारतो, दुसरा उत्तर घेऊन जातो. रेडिस-पायचा पूल याच्यासाठी प्रोसेसचा आयडी लक्षात ठेवतो आणि तो बदललेला दिसला की जुनी कनेक्शनं सोडून कोरा होतो. तीही ओळ मी पूर्वी बघितली असणार. पीआयडी तपासतायत, असेल काहीतरी.

तिसऱ्या वीकेंडला असिंक केलं, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं, टास्क, आलटून-पालटून चालवायची पद्धत, आणि खरं सांगायचं तर ते करताना मला थोडी धाकधूक होती, कारण २०२३ च्या मार्चमधली ती चॅटजीपीटीची भानगड मला आठवत होती. लोकांना साइडबारमध्ये दुसऱ्यांच्याच चॅटची शीर्षकं दिसली होती, २० मार्चला त्यांनी सेवा बंद ठेवली आणि काही दिवसांनी ते चालवणाऱ्या ओपनएआयने स्वतः लिहून सांगितलं की गडबड रेडिस-पायच्या असिंक भागात होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका ९ तासांच्या खिडकीत चालू असलेल्या प्लस (पैसे भरून वापरणाऱ्या) ग्राहकांपैकी १.२ टक्के लोकांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहिती, नाव, ईमेल, कार्डाचे शेवटचे चार आकडे वगैरे, दुसऱ्यांना दिसली असण्याची शक्यता होती. तेव्हा मी ती बातमी वाचून "बापरे" म्हणून पुढे गेले होते. आता त्यातलं कारण परत वाचलं आणि हसावं की रडावं कळेना, कारण ते माझं णेच होतं.

असिंकमध्ये टास्क रद्द करता येतो. वापरणाऱ्याने ब्राउझर बंद केला, वेटफॉरची (टास्कला वेळेची मर्यादा घालणारं फंक्शन) मुदत संपली, काहीही. कमांड सॉकेटवर गेलीय, उत्तर यायचंय, आणि नेमक्या त्या मधल्या फटीत टास्क रद्द होतो. थ्रेडवाल्या कोडमध्ये टाइमआउटचं एक्सेप्शन येतं आणि आपण ते पकडतो, इथे रद्द होण्याचं वेगळं एक्सेप्शन येतं, आणि पायथन ३.८ पासून ते नेहमीच्या एक्सेप्शनच्या कुळातलं नाही, त्यामुळे सरसकट पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये ते सापडतच नाही. फायनलीमध्ये, जो भाग काहीही झालं तरी चालतोच, कनेक्शन इमानेइतबारे पुलात परत जातं. उत्तर न उचललेलं. पुढचा माणूस ते कनेक्शन घेतो, गेट करतो, आणि आधी निघून गेलेल्याची प्लेट त्याच्या हातात. बऱ्याचदा उत्तराचा प्रकार जुळत नाही आणि एरर येते, पण जुळला तर कोणाला काही कळत नाही. आणि त्या २० मार्चच्या सोमवारी ओपनएआयच्याच एका बदलामुळे रद्द होणाऱ्या रिक्वेस्ट अचानक वाढल्या होत्या, म्हणजे फट कायम होती, तिच्यात पाय पडायचं प्रमाण वाढलं.

मी माझ्या क्लायंटवर हे करून बघितलं. शंभर टास्क, प्रत्येकाला मी काहीतरी मिलिसेकंदांनी रद्द करणार, प्रत्येकाची स्वतःची की. एको काढून ठेवला मुद्दाम. पहिल्याच फेरीत नाशिकला सांगली आलं आणि सांगलीला लातूर. लायब्ररीवाल्यांनी तेव्हा दुरुस्ती काढली ती पुरी पडली नाही, पाठोपाठ दुसरी काढावी लागली, दोन वेगवेगळे सीव्हीई नंबर (सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर नोंदीचे) आहेत त्याचे. आधी मला वाटलं असतं की काय हे, एवढी साधी गोष्ट एकदाच नीट करता येत नाही. आता वाटत नाही. मी स्वतः तीन वेळा "झालं" म्हटलं आणि तिन्ही वेळा पाइपलाइनच्या (अनेक कमांड एकदम पाठवायची सोय) कुठल्यातरी कोपऱ्यात तेच निघालं. शेवटी मी नियम उलटा केला, कनेक्शन काढतानाच त्याच्यावर मळलेलं असा शिक्का, आणि उत्तर शेवटच्या बाइटपर्यंत वाचून झालं तरच शिक्का पुसायचा, पुलात परत येताना शिक्का असेल तर सरळ बंद. म्हणजे काय बिघडलं ते ओळखायचं नाहीच, सगळं नीट झालं हे सिद्ध झालं तरच परत घ्यायचं. हे सुचायला मला इतका वेळ का लागला कोण जाणे.

बाकी बऱ्याच गोष्टी मी केल्याच नाहीत. क्लस्टरला, म्हणजे डेटा अनेक सर्व्हरवर वाटायच्या सोयीला, हातच लावला नाही, ते १६३८४ स्लॉट आणि मूव्ह्ड-आस्कचे पत्ते, ते वेगळंच पुराण आहे. पब-सबचं (एकाने पाठवलेला मेसेज ऐकणाऱ्या सगळ्यांना पोचवायची सोय) दार किलकिलं करून बंद केलं, कारण तिथे तर न विचारता उत्तरं येतात. रेडिस ६ पासून नवा रेस्प ३ आहे, हॅलो ३ म्हटलं की चालू होतो, त्यात अशा न मागितलेल्या मजकुराला वेगळं चिन्ह दिलंय त्यामुळे निदान ओळखू तरी येतो, पण प्रश्नांना नंबर त्यातही नाहीत. एक मजा म्हणून माझा क्लायंट व्हॅल्कीला जोडून बघितला. २०२४ मध्ये रेडिसने लायसन्स बदललं तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघालेला फाटा तो. एक अक्षर न बदलता चालला. भांडण वरच्या मजल्यावरचं, वायर तीच.

मंगळवारी ऑफिसात बदल टाकला. दोन ओळी, सॉकेट टाइमआउट ५, आणि हेल्थ चेक इंटर्व्हल ३०, म्हणजे बराच वेळ पडून राहिलेलं कनेक्शन वापरायच्या आधी लायब्ररी स्वतःच एक पिंग करून बघते. कॉलवरच्या त्याच माणसाकडे रिव्ह्यूला गेला.

"दोन ओळींना तीन वीकेंड?" तो म्हणाला. मग म्हणाला, "रिट्राय पण टाक की, टाइमआउट झाला तर लायब्ररीच परत पाठवेल."

मी म्हटलं, गेटला टाकते. काउंटरच्या इन्करला नाही टाकणार.

"का?"

"कारण टाइमआउट झाला म्हणजे वाढला नाही असं नाही ना. आपल्याला फक्त उत्तर नाही मिळालं. परत पाठवला आणि पहिला पोचलेला असेल तर दोनने वाढेल."

तो थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "मग त्या शनिवारी रात्री पावणेदोनला तो वाढला होता की नव्हता?"

मेसेजच्या नोंदी काढून काउंटरशी ताडून बघू असं ठरलंय. शुक्रवारी.